मंगळाच्या खड्याला कुंकू

मंगळावरून आणलेला खडा प्रयोगशाळेच्या काचपेटीत पोहोचला, आणि मागोमाग मंत्री धुळपसाहेब हळदकुंकवाचं तबक घेऊन दारात हजर!

"पाहुणा आलाय. पेटी उघडा, कुंकू लावतो, फोटो निघू दे."

प्रयोगशाळेच्या प्रमुख वत्सलाबाई रेगे झटकन पेटीपुढे येऊन उभ्या राहिल्या. पेटी उघडली तर बारा वर्षांची मेहनत पाण्यात, आणि नाही म्हणावं तर प्रयोगशाळेला टाळं.

"साहेब, आत इथला एकही जंतू जाता कामा नये."

"जंतू? अहो, आत्ताच साबणानं हात धुतलेत मी!"

"मग आधी इथं बोट लावा." बाईंनी जंतू वाढवायच्या जेलीची बशी पुढे केली. "चार दिवसांत काही उगवलं नाही, तर पेटी मी स्वतः उघडीन."

साहेबांनी ऐटीत बोट टेकवलं.

चौथ्या दिवशी ते फोटोवाल्यांसकट आले. बशीत बोटाच्या आकारात पिवळे-पांढरे ठिपके फुगले होते. साहेब वाकून बघतच राहिले.

"हे कोण?"

"कुंकू लावलं असतंत, तर हेच त्या खड्यावर सापडले असते. मंगळावर जीव आहेत म्हणून जगभर डंका वाजला असता, आणि चौकशीअंती ते मंगळवासी निघाले असते तुमच्याच मतदारसंघातले!"

त्या दिवशीच्या फोटोत साहेबांचे दोन्ही हात पाठीमागे आहेत.