येसबा, रोबो आणि आग्रह

एका गावात येसबा नावाचा एक भोळा तरुण होता. इतका भोळा, की कुणी ‘जरा बस’ म्हटलं तर तो जरासाच बसायचा. गावच्या लोणच्याच्या कारखान्यात नवा रोबो आला. रोबो म्हणजे नुसता एक लांब लोखंडी हात. तो बरण्या उचलायचा आणि खोक्यात भरायचा. त्याच्यावर लक्ष ठेवायला मालकांनी येसबाला नेमलं. का, ते मालकांनाच ठाऊक.

येसबाला हे काम टिकवायचंच होतं. शेजारच्या गावची शेवंता त्याला फार आवडायची, आणि तिचे वडील शिवाप्पा म्हणाले होते, “पोरगा कामात शहाणा निघाला, तरच पोरगी देईन.”

“रोबो कसा वागतो ते नीट बघ आणि शिक,” इंजिनिअर देवयानी मॅडम म्हणाल्या. “हा त्याचा सेन्सर. समोर काही आलं की सेन्सरला कळतं आणि हात थांबतो.”

दुसऱ्या दिवशी येसबा कामावर निघाला. वाटेत एक म्हैस बसली होती. येसबा थांबला. म्हैस रवंथ करत राहिली. येसबा थांबूनच राहिला. म्हैस दुपारी उठली, तेव्हा कुठे तो कारखान्यात पोचला.

“अरे, अडथळा आला तर वळसा घालून पुढं जायचं!” मॅडम ओरडल्या. “चांगला रोबो तेच करतो.”

येसबानं स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. “माझं डोकं म्हणजे रिकामी बरणी,” तो म्हणाला. “पण आता कळलं.”

तेवढ्यात मालकांनी चहा मागवला. येसबा कप घेऊन आला. समोर मालकच उभे. येसबानं त्यांना वळसा घातला आणि चहा घेऊन पुढं निघाला. पुढं येसबा, मागं मालक, असे दोघं अख्खा कारखाना फिरले. चहा गार झाला आणि मालक गरम झाले.

“गाढवा, काम झालं की नाही ते तपासायचं असतं! त्याला फीडबॅक म्हणतात! माणूस हवं म्हणाला की द्यायचं, नको म्हणाला की तिथंच थांबायचं!”

येसबानं पुन्हा टपली मारली. “बरणी तरी बरी, तिला झाकण असतं. पण आता कळलं.”

रविवारी शिवाप्पा येसबाच्या घरी जेवायला आले. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. येसबा पहिली पोळी वाढायला वाकला. चारचौघांसारखे शिवाप्पाही म्हणाले, “नको, नको.” येसबा तिथंच थांबला आणि ताटसुद्धा उचलून घेऊन गेला. शिवाप्पा पाणी पिऊन घरी गेले.

“मेल्या!” आईनं कपाळ बडवून घेतलं. “पाव्हणा नको म्हणतोच! ती रीतच असते. तो जितका नको म्हणेल तितका जास्त आग्रह करायचा!”

“मालक, मॅडम, आई, सगळे शहाणे,” येसबा टपली मारून म्हणाला. “मी एकटाच असा कसा निघालो? पण आता कळलं.”

शिवाप्पा तसे दिलदार. पोराला कामावर तरी बघू, म्हणून ते कारखान्यात आले आणि रोबोच्या अगदी जवळ गेले. सेन्सरचा दिवा लागला आणि हात थांबला. येसबाला लाजल्यासारखं झालं. होणाऱ्या सासऱ्यांना अडथळा कसं म्हणायचं? त्यानं सेन्सरच बंद केला.

हात चालू झाला. त्यानं शिवाप्पांच्या कोटाची कॉलर धरली आणि त्यांना वर उचललं.

“नको! अरे नको!” शिवाप्पा ओरडले.

पाहुणे किती रीतीचे आहेत, असं येसबाला वाटलं. त्यानं वेग वाढवला.

“नको रे! नको!”

“असं कसं मामा, घ्याच!” म्हणत येसबानं वेग आणखी वाढवला. शिवाप्पा खोक्यात गेले. खोक्याला चिकटपट्टी लागली. मॅडमनी धावत येऊन लाल बटण दाबलं, तोवर वर ‘कैरीचं लोणचं, तिखट’ असा कागदही बसला होता.

खोकं फोडलं. शिवाप्पा बाहेर आले ते ओरडतच.

“नको मला असला जावई! नको! नको! नको!”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. येसबाचे डोळे मात्र आनंदानं भरून आले. तो तसाच धावत सुटला आणि बँडवाल्याला लग्नाची सुपारी देऊन आला.