वीणेचा पहारा

एकदा एका तरुणाला साता समुद्रापलीकडून निमंत्रण आले. जगभरातल्या तरुण लोकसेवकांची परिषद तिकडे भरणार होती, आणि आपापल्या गावात चार माणसे जोडून काही चांगले उभे करणाऱ्या मुलामुलींना तिथे बोलावले होते. या तरुणाचे नाव हणमंत. त्याचे गाव नदीकाठचे, तालुक्यापासून लांब. बहुतेक घरांतली मुले पोटापाण्यासाठी शहरांत गेलेली आणि मागे उरलेले म्हातारे आईबाप. त्यांतल्या कोणाला दवाखान्यात जायचे असले, की सोबतीला माणूस मिळत नसे. हणमंताने गावात राहिलेल्या पोरापोरींचे एक मंडळ केले. म्हाताऱ्या माणसाने फोन करायचा. मंडळातल्या कोणीतरी जीप ठरवायची, बरोबर जायचे, डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकून घ्यायचे आणि त्या माणसाला घरी आणून सोडायचे. काम एवढेच, पण त्या एवढ्याशा कामाने गावातल्या म्हाताऱ्यांना शांत झोप लागू लागली होती.

निमंत्रणाने गाव हरखून गेले. सत्काराला आपल्याकडे कारण लागत नाही; इथे तर कारणही होते. हार झाले, पेढे झाले, भाषणे तर आवरेनात. उतरलेला चेहरा एकाच माणसाचा होता आणि तो सत्कारमूर्तीचा. मंडळाचा फोन एकच होता, अन् तो सदैव हणमंताच्या खिशात असे. जेवताना तो ताटाशेजारी असे, आंघोळीच्या वेळी न्हाणीच्या कोनाड्यात. मंडळात दहाबारा जण होते, तरी फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हटले की हा काहीतरी निमित्त काढून टाळी.

त्याला कारणही घडले होते. एकदा ताप आला म्हणून त्याने फोन दौलत नावाच्या मित्राकडे दिला होता. दौलतने धांदलीत दात दुखणाऱ्या भागूआजीला डोळ्यांच्या शिबिरात नेऊन बसवले. आजी नवा चष्मा लावून परतली. दात ठणकत होताच. आता तो आरशात स्वच्छ दिसू लागला, इतकेच. सारे गाव पोट धरून हसले, भागूआजीही हसली. हणमंताला मात्र हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच त्याने फोन परत घेतला, तो पुन्हा कोणाला दिला नाही.

गावात त्या दिवसांत अखंड हरिनामाचा सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, असा दंडक आहे. एकाने ती गळ्यात घेऊन नाम घेत उभे राहायचे. त्याचा पहारा संपला की दुसऱ्याने ती आपल्या गळ्यात घ्यायची. वीणा देताना देणारा आणि घेणारा, दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय पाहत नाहीत. सारे गाव ज्यांना नुसते 'बुवा' म्हणे, ते वृद्ध गृहस्थ गावातले जुने वीणेकरी. हणमंताला लहानपणी वीणा धरायला त्यांनीच शिकवली होती, आणि मन अडले की तो त्यांच्याकडेच जाई.

भर दुपारी तो मंदिरात गेला तेव्हा बुवांचाच पहारा चालू होता.

"बुवा, जावंसं फार वाटतं हो," तो म्हणाला. "पण माझ्यामागं इथलं कोण बघणार? एखाद्या म्हातारीला रात्री-अपरात्री काही झालं तर? नाही म्हणून कळवावं म्हणतो."

बुवांनी गळ्यातली वीणा काढून हणमंताच्या गळ्यात घातली, चिपळ्या त्याच्या हातात दिल्या, त्याच्या पायांना हात लावला आणि "आलोच" असे म्हणून ते चालते झाले.

हणमंत नाम घेत उभा राहिला. एक हात तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या. थोड्या वेळाने खिशातला फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. घ्यायचा कसा? बऱ्याच वेळाने दौलत आला. पुढचा पहारा त्याचा होता. तो समोर हात जोडून उभा राहिला. हणमंताने नकारार्थी मान हलवली. वीणा बुवांनी दिलेली, ती बुवांनाच द्यायची, असे त्याने मनाशी धरले. शिवाय दौलत म्हणजे ताल चुकणार, हेही होतेच. दौलत बिचारा बाजूला जाऊन उभा राहिला. मग गावातले आणखी एक गृहस्थ पुढे आले. त्यांनाही तोच नकार मिळाला. बुवा काही येत नव्हते. खरे तर ते समोरच्याच खांबाच्या सावलीत बसून निवांतपणे चुरमुरे खात होते. पण फोनच्या आवाजाने बावरलेल्या हणमंताचे तिकडे लक्षच गेले नाही.

उन्हे कलली. हणमंताच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, खांदा वाकला, आणि वीणेचा भोपळा जमिनीच्या अगदी जवळ आला. दौलतने झेप घेऊन खाली हात घातला. आता देण्यावाचून गत्यंतरच नव्हते. दौलतने वाकून नमस्कार केला आणि वीणा गळ्यात घेतली. हणमंताला उलट नमस्कार करायचेही भान राहिले नाही. तो मटकन खाली बसला. दौलतचा ताल पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला, मग बसला.

हणमंताने घाईने फोन काढला. सगळे फोन रखमाआजीचे. तो उठू लागला, तेव्हा बुवांनी त्याचा हात धरला.

"बस खाली. तिची जीप केव्हाच गेली. तू उचलेनास, म्हणून तिनं दारातनं दौलतला हाक मारली. त्यानं मंडळातल्या मंजुळाला तिच्यासंगं धाडलं, अन् मग पहाऱ्याला आला."

"कुठल्या दवाखान्यात धाडलं?" हणमंताने धास्तावून विचारले.

"छाती भरलीय तिची, छातीच्याच डॉक्टरकडं गेलीय. मीही आधी तेच विचारून घेतलं," बुवा हसून म्हणाले. मग त्यांनी चुरमुऱ्यांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. "हणमंता, वीणा घेणारा पाया पडतो, ते सगळ्यांना उमजतं. पण देणारा का पडतो, याचा कधी विचार केलास? तो दुसरा आला, म्हणून आपल्याला बसता येतं, दोन घास खाता येतात. तो येणार असतो, म्हणून याला पहारा म्हणायचं. तो येणारच नसेल, तर ती कैद झाली. सात दिवस वीणा टेकली नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. एकट्याच्या गळ्यात राहिली असती का रे ती सात दिवस? तू तासा-दोन तासांत वाकलास. तुझं प्रेम खोटं नाही. पण वीणा सांभाळता सांभाळता तूच ती टेकवणार होतास, अन् ज्याला तू नको म्हणालास त्यानं ती वाचवली. दौलतचा ताल चुकतो, खरंय. तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा मी कानांत बोटं घातली होती."

हणमंत ओशाळला, आणि मग त्याला हसू आले. किती दिवसांनी तो मोकळेपणाने हसला होता.

निघण्याच्या दिवशी सारे गाव एसटीच्या थांब्यावर जमले. हणमंताने खिशातून फोन काढला, दौलतच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर वाकून त्याच्या पाया पडला. "अरे, येड लागलं का तुला!" म्हणत दौलत दोन पावले मागे सरला. लोक हसले. बुवा तेवढे हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

परिषद मोठी दिमाखदार होती. देशोदेशींचे झेंडे, काचेचे सभागृह, कानात दुभाष्याचा आवाज. तिथे आलेली मुले खरोखरच गुणी होती, अन् थकलेलीही. एका बेटावरच्या कोळ्यांच्या वस्तीत शाळा चालवणारी एक मुलगी हणमंताच्या शेजारी बसे. तिच्या ताटातले अन्न रोज निवून जाई, कारण ती सारखी फोनवर कोणाला तरी दटावत असे. हणमंताला आरशात पाहिल्यासारखे वाटले. त्याची बोलायची पाळी आली तेव्हा त्याने घरून लिहून आणलेले भाषण खिशातच ठेवले. त्या भाषणात ओळीओळीला 'मी' होता. त्याऐवजी त्याने वीणेची गोष्ट सांगितली.

त्या मुलीने विचारले, "आणि घेणारा चुकला तर?"

"चुकतोच," हणमंत म्हणाला, आणि त्याने भागूआजीच्या चष्म्याची गोष्ट सांगितली. दुभाषी आधी हसला, म्हणून सभागृहाला ती थोडी उशिरा कळली. पण कळली तेव्हा ती मुलगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दुपारी तिने फोन बंद करून ठेवला आणि गरम गरम जेवली.

हणमंत गावी परतला तेव्हा थांब्यावर दौलत नव्हता. तो कोणा आजोबांना घेऊन तालुक्याला गेला होता. मंजुळा तेवढी उभी होती आणि फोन तिच्या हातात होता. हणमंताचा हात सवयीने पुढे झाला.

"असा कसा देईन?" मंजुळा म्हणाली. "आत्ता माझा पहारा आहे. आम्ही पाळ्या लावून घेतल्यात. तुझी सोमवारी."

क्षणभर त्याला चुटपुट लागली, खोटे कशाला बोलावे? पण लगेच त्याला आठवले की आपल्याला भूक लागली आहे. तो घरी जाऊन पोटभर जेवला, ताटाशेजारी काहीही न ठेवता. मग तो बुवांकडे गेला.

"बुवा, सोमवारी माझा पहारा आहे," तो म्हणाला.

"मग वेळेवर जा," बुवा म्हणाले. "तुझ्याआधी जो पहाऱ्यावर असेल, त्याला ताटकळत ठेवू नकोस."