जळूबाईंचा सल्ला

म्हशी सभा भरवत असत, तेव्हाची गोष्ट. डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी वाळत चालल्या होत्या. त्यांच्या पाठीवर बसणाऱ्या बगळ्याने महिनाभर मोजून सांगितलं, "डुंबतात त्याच वाळतात. काठावरच्या धडधाकट आहेत. पाण्यात जळवा आहेत."

म्होरकी भुरी म्हणाली, "हा वरवर बसणारा, याला आतलं काय कळणार? जळूबाई आपल्या अगदी जवळच्या, त्यांनाच विचारू."

भुरीच्या पोटाला चिकटलेली जळूबाई म्हणाली, "अशक्तपणा आहे. आणखी तासभर डुंबत जा. आणि मोजणी बंद करा, मोजण्यानेच आजार वाढतो."

म्हशींनी बगळ्याला हाकललं आणि काठावरच्याही डुंबायला उतरल्या.

वर्षभरात एकटी भुरी उरली, तीही हाडांचा सापळा. मग जळूबाई बगळ्याला शोधत काठावर आली.

"बगळेभाऊ, तुमची मोजणी कधी चुकत नाही. शेजारच्या डबक्यात गुबगुबीत म्हशी किती आहेत, तेवढं सांगता?"