एका सुईचं गाव

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या पायाशी एक नदी होती. गावातली माणसं मोठ्या अभिमानाने स्वतःला ‘एका सुईचे’ म्हणवून घेत.

त्याचं कारण असं, की गावदेवीच्या देवळात गोंदणाची एक सुई जपून ठेवलेली होती. दर वर्षी जत्रेला गावातली सात वर्षांची झालेली मुलं एका रांगेत बसत. गोंदणारी म्हातारी त्याच सुईने प्रत्येकाच्या कपाळावर तीन ठिपके काढी. मध्ये सुई पुसायची नाही, धुवायची नाही, असा दंडक होता. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं की सगळे सख्खे होतात, असं जुनी माणसं सांगत. बाळांनो, ऐकायला किती गोड वाटतं, नाही का?

त्या गावात हौसा नावाची बाई राहायची. नवरा मेंढरं घेऊन दूर घाटावर गेलेला. घरात ती आणि तिची मुलगी चिमा. चिमा नुकतीच सात वर्षांची झाली होती आणि जत्रेची वाट पाहत होती.

एके सकाळी चिमाची वेणी घालताना हौसाने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि तिचे हात थांबले. पोरीच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळट झालं होतं. हल्ली ती खेळता खेळता मध्येच बसून राहायची, जेवण नको म्हणायची. त्याचा अर्थ हौसाला आता लागला.

हा आजार गावाने आधी पाहिला होता. रावबा नावाचं एक पोर असंच पिवळं पडलं होतं. त्याच्या रक्तात दोष आहे असं कळताच गावाने त्याने हात लावलेली मडकी फोडली, त्याची वाकळ जाळली, तो जिथे बसायचा तो पार गोमूत्राने धुतला. तरी लोकांच्या जिवाला स्वस्थता मिळेना. शेवटी त्याला आणि त्याच्या आईबापांना नदीपलीकडे हाकलून दिलं. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. पलीकडे त्यांच्या चुलीचा धूर दिसला की गावातल्या आया आपली मुलं घरात ओढत. हौसाही ओढायची.

आता ती रोज चिमाच्या तोंडाला हळद फासू लागली. कुणी विचारलं तर सांगायची, उन्हाने पुरळ उठलंय. शेजारीण नुसती दारात उभी राहिली तरी ही पोरीला आत ढकलायची. चिमा बाहेर जायला रडली की हौसा तिला दटावायची, आणि मग चुलीपाशी बसून स्वतःच रडायची. “आये, माझं काय चुकलं?” असं चिमाने एकदा विचारलं. हौसाने तिला जवळ ओढून पुन्हा हळद लावली.

जत्रेच्या आदल्या दिवशी गावात एक म्हातारी वैदीण आली. पारावर माणसं गोळा झाली, तेव्हा ती म्हणाली, की डोळे पिवळे पडणाऱ्या आजारावर माझ्याजवळ औषध आहे. कडू आहे, पुष्कळ दिवस घ्यावं लागतं, पण गुण येतो. हात धरल्याने हा आजार होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, एका घागरीचं पाणी प्यायल्यानेही होत नाही. आजारी माणसाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं तरच होतो. कधी आईच्या पोटात असतानाच लेकराला लागतो. कुणाच्या घरात असेल त्याने पुढे यावं.

हौसाच्या ओठांवर शब्द आला होता. तिने आजूबाजूला पाहिलं. पाटील आपल्या वहाणांकडे बघत होते. कासारणीने नातवाच्या डोक्यावर पदर ओढला होता. सगळे आपल्यालाच निरखताहेत असं हौसाला वाटलं आणि तिने शब्द गिळला. त्या पारावर भिणारी ती एकटी नव्हती, पण हे तिला कुठून कळावं? वैदीण बराच वेळ थांबली. मग तिने झोळी उचलली आणि ती नदीपलीकडे रावबाच्या झोपडीकडे निघून गेली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता हौसाच्या ध्यानात आलं. रक्त रक्तात जातं ते कसं? सुईने. उद्या चिमा रांगेत बसेल. तिच्या कपाळातून निघालेली सुई पुढच्या पोराच्या कपाळात जाईल. चिमाला रांगेत बसवलं नाही तर गाव कारण विचारेल, आणि कारण सांगितलं तर नदीपलीकडची वाट धरावी लागेल. गप्प राहिलं तर मात्र कुणालाही कधीच काही कळणार नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

जत्रेला ढोल वाजू लागले. मुलं रांगेत बसली. चिमाच्या नंतर पाटलांचा नातू सुभान बसला होता. सुईला भिऊन त्याने चिमाचा हात घट्ट धरला होता. गोंदणारी म्हातारी एकेक कपाळ करत सरकत होती आणि हौसा त्या सुईकडे बघत होती. म्हातारीने चिमाची हनुवटी वर केली, तशी हौसा पुढे झाली आणि तिने म्हातारीचं मनगट धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “माझ्या पोरीला त्यो आजार हाय. तिला सुई लावू नका. आन् कुणालाच लावू नका. रावबाला कुठून आला? ह्याच सुईतनं. आनखी किती जणांच्या अंगात असंल, कुणाला ठावं.”

ढोल थांबले. कुणीतरी सुभानला ओढून नेलं आणि त्याचा हात राखेने घासघासून लाल केला. पाटलांनी सांगितलं, “नदीपल्याड जा. आत्ताच्या आत्ता.” सुईचं काय, असं हौसाने विचारलं. त्यावर पाटील म्हणाले, की सुई देवीची आहे, तिला दोष लागत नाही.

चिमाचा हात धरून हौसा नदीपर्यंत गेली आणि तिथे तिने मागे वळून पाहिलं. चिमा बसली होती ती जागा लोकांनी धुतली, शेणाने सारवली. मुलांना पुन्हा ओळीत बसवलं. म्हातारीने तीच सुई उचलली आणि सुभानपासून पुढे सुरुवात केली.

पलीकडे रावबाच्या आईने काही न विचारता दोघींना आपल्या ताटात जेवायला घेतलं. वैदिणीने चिमाला तपासलं, मग हौसालाही तपासलं. “तुझ्यातही हाय,” ती म्हणाली. “तुझ्या कपाळावरच्या ठिपक्यांतनं आला, आन् पोटात असताना पोरीला लागला.” हौसाचा नवरा घाटावरून परतला, तेव्हा पलीकडे जाऊ नकोस म्हणून गावाने त्याला परोपरीने समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि मेंढरांसकट नदी ओलांडली.

औषध खरंच कडू होतं, पण दोघींनी ते सुरू केलं. चिमा ते तोंड वाकडं करून प्यायची, कधी ओकायची, पुन्हा प्यायची. दिवस गेले आणि एक दिवस ती रावबाबरोबर वाळूत न दमता पळाली.

नदीच्या अलीकडे गावात मात्र आजार घरोघर शिरला होता. प्रत्येक घर आपलं मूल कोंडून ठेवी आणि शेजारचं मूल न्याहाळून बघे. पारावर कुणी बसेना. औषध समोरच्या काठावर होतं, पण नदी ओलांडणं म्हणजे गावापुढे कबूल करणं. काही आईबाप उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिले. त्यांची मुलं गेली, तेव्हा शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते तोंडात बोळा कोंबून रडले.

मग एके दिवशी भर दुपारी पाटील सुभानला खांद्यावर घेऊन नदीत उतरले. काठ जवळ आला तसे ते गुडघाभर पाण्यात थबकले. “हौसा,” त्यांनी विचारलं, “माझ्या पोराला हात लावशील का?”

हौसाला राग आला. फार राग आला. पण पोराची मान खांद्यावर कलंडली होती. तिने पाण्यात उतरून त्याला कडेवर घेतलं.

वैदिणीने सुभानचं पोट चाचपलं. इतका उशीर का केला, असं तिने विचारलं. पाटील म्हणाले, “मला कवाच कळलं व्हतं. पन लोक काय म्हनतील, म्हनून...”

“कोन लोक?” हौसाने विचारलं.

गावात सगळ्यांना ज्या लोकांची भीती वाटत होती, ते लोक म्हणजे ते सगळे स्वतःच होते.

सुभान वाचला, पण पुन्हा कधी धावू शकला नाही. पाटलांनी ती सुई स्वतःच्या हाताने नदीच्या डोहात टाकली आणि दारोदार जाऊन लोकांना आपल्या नातवाचा आजार सांगितला. तेव्हा कुठे एकेक दार उघडलं. जी घरं तोवर रिकामी झाली होती, ती रिकामीच राहिली.

तात्पर्य : आजारी मुलाला दूर लोटल्याने आजार दूर जात नाही, तो लपून बसतो; आणि लपलेल्या आजाराला औषध देता येत नाही.