कासेमिरेच्या तोंडातला निखारा

आफ्रिकेच्या नकाशावर गोऱ्यांनी पट्टी ठेवून रेघा ओढल्या नव्हत्या, त्या काळातली गोष्ट. एका अफाट तळ्याकाठी रुकोमा नावाचं राज्य होतं. तिथं दर पेरणीला राजाच्या चुलीतला विस्तव घरोघर जायचा. ज्याचा विस्तव चुलीत, तोच राजा. ना कागद, ना शिक्का. विस्तव वाटायचं काम कासेमिरे नावाच्या विधवेकडे होतं, आणि ती भारी तोंडाळ होती, असं म्हणतात.

मग गोरा कप्तान बंदुका घेऊन आला. राजाला त्यानं होडीत घालून लांबच्या बेटावर नेलं आणि मर्जीतला एक माणूस गादीवर बसवला. लोक मानेनात. तेव्हा त्याच्या दुभाष्यानं, गावच्याच कटोनं, युक्ती सांगितली: सगळ्या चुली विझवा. किती दिवस कच्चं खातील? येतील नव्या राजाच्या दारी विस्तव मागायला.

शिपाई पाण्याच्या घागरी घेऊन घराघरांत शिरले. एकेका छपरावरचा धूर तुटत गेला. कासेमिरे अंगणातून बघत होती. शेवटची चूल तिची. विस्तव मडक्यात लपवावा, तर मडकी फोडत होते. राखेत पुरावा, तर राखेवर पाणी ओतत होते. शिपाई कुंपणाशी आले, तशी तिनं एक निखारा उचलला आणि तोंडात टाकला.

"मावशी, काही लपवलं नाहीस ना?" कटोनं विचारलं.

कासेमिरे गप्प. कप्तानाला संशय आला. त्यानं तिच्या सुनेला, बिरुंगीला, ओढत तळ्यात नेलं. गळ्यापर्यंत पाणी. लव्हाळ्यातून मगरी सरकू लागल्या.

"बोल, नाहीतर हिला मगरींपुढे सोडतो!" कप्तान गरजला.

म्हातारीचे ओठ थरथरले. उघडले तर सून वाचणार होती, पण राज्य विझणार होतं. तेवढ्यात पाण्यातून बिरुंगी ओरडली, "आत्याबाई, लग्न झाल्यापासून मला गप्प बस, गप्प बस! आज तुम्ही बसून दाखवा की!"

मगर हातभर अंतरावर आली. कटोनं म्हातारीकडे पाहिलं. तिच्या नाकपुडीतून धुराची बारीक रेघ निघत होती. त्याच्या आईची चूलही याच विस्तवाची, आणि ती त्यानं सकाळीच स्वतःच्या हातानं विझवली होती.

"साहेब," तो पुटपुटला, "ही जन्माची मुकी आहे. सोडा."

बिरुंगीला बाहेर काढलं. पण शिपायांचं ठाणं गावातच पडलं, त्यामुळे निखारा बाहेर काढायची सोय उरली नाही. लोकांनी नव्या राजाच्या दारातून मिळालेल्या कप्तानाच्या काडेपेटीनं चुली पेटवल्या, पण नुसत्या पोटापुरत्या. सदतीस वर्षं कासेमिरे बोलली नाही. तिला शिंक आली की अख्खा गाव जीव मुठीत धरायचा, असं म्हणतात.

एक दिवस गोऱ्यांचा झेंडा उतरला. राजधानीतून मंत्री आला. आपलाच माणूस, पण हातात तीच काडेपेटी!

"आता विस्तव माझा," तो म्हणाला.

कासेमिरेनं त्याला कोपरानं बाजूला सारलं, चुलीशी वाकली आणि फुंकर मारली. जाळ छपराला जाऊन भिडला, आणि ती तिथंच विझली, असं म्हणतात.

अजूनही रुकोमात पेरणीच्या सकाळी, कासेमिरेच्या नावानं, घरातली थोरली बाई चूल फुंकून पेटवते. जाळ धरेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. त्या वेळी दारात कितीही मोठा सत्ताधारी येवो, त्याला कुणी 'बस' म्हणत नाही. असे बरेच येऊन उभे राहिले, आणि उभ्याउभ्याच परत गेले.