फिल्ममधल्या मॅडम

“मग मुलं काय म्हणतात?”

हुपरीकर सर फळ्याकडे तोंड करूनच बोलत होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी दुपारी कॉलेजच्या जुन्या वर्गात यायचं आणि रिकामा फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, हे सुटलं नव्हतं. पुसून झाला की तो वाळेपर्यंत थांबायचं. पूर्वी तेवढ्या वेळात मुलं शंका विचारायची.

शलाकाही विचारायची. आता ती इथंच प्राणिशास्त्र शिकवत होती.

तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“माझ्या तासाची फिल्म दाखवून एकशे बारा मुलांची मतं घेतली, सर. एकशे अकरा जण म्हणतात, फळ्यापेक्षा फिल्म बरी. परत लावता येते. आकृती हलताना दिसते. आणि…”

“आणि?”

“फिल्ममधल्या मॅडम चिडत नाहीत.”

सर हसले. “ते खरं असणार.”

“प्राचार्यांना उद्या कळवायचंय. हो म्हटलं, तर पुढच्या वर्षीपासून माझ्या तासाला फिल्मच. मी घरी, रेणूजवळ. दीड वर्षाची आहे ती. वर्गात असले की घर आठवतं, घरी असले की वर्ग. दोन्हीकडे मी निम्मीच.”

“मग हो म्हण.”

“तेच ठरवलं होतं. पण हा एक कागद आला…”

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. खाली नाव नव्हतं.

‘फिल्ममधल्या मॅडम श्वास घेत नाहीत. बघता बघता मीही घेत नाही.’

फळ्यावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला.

“हे काय गं?”

“फिल्म सफाईदार व्हावी म्हणून मी मधले थांबे कापले, सर. अडखळले ते कापलं. दम खाल्ला ते कापलं. एक्कावन्न मिनिटांची अडतीस झाली. सगळ्यांनी कौतुक केलं.”

“विषय?”

“श्वसन,” म्हणून ती हसली.

सर हसले नाहीत. “लाव.”

लॅपटॉपवर शलाका बोलू लागली. एक वाक्य संपायच्या आत दुसरं येत होतं. चेहरा प्रसन्न. खांदे हलत नव्हते. बरगड्या, फुप्फुसं, रक्त… आवाज कुठंच टेकत नव्हता.

चौथ्या मिनिटाला बाकावरच्या शलाकाची छाती भरून आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपणही मघापासून श्वास धरलाय.

सर उठले. पडद्याजवळ गेले. आपलं ओलं बोट त्यांनी पडद्यावरच्या बाईच्या नाकाखाली धरलं.

धरूनच ठेवलं.

“सर… बोट काढा ना.”

“का?”

“रेणू अस्संच करते.”

“म्हणजे?”

“आमचा खेळ आहे तो. ती माझ्या नाकाखाली बोट धरते. मी जोरात श्वास सोडला की तिला गुदगुल्या होतात. मी कॉलेजला आले की सासूबाई तिला हीच फिल्म लावून देतात. रडायची थांबते. त्या म्हणतात, गुणी आहे पोर. ती पडद्याजवळ जाते आणि बोट धरते.”

“हसते?”

“नाही. वाट बघते.”

“किती वेळ?”

“फिल्म संपेपर्यंत… मग त्या परत लावतात.”

पडद्यावरची शलाका बोलतच होती. फळा कोपऱ्यांकडून वाळत आला होता. मधे एक काळा ओला डाग तेवढा उरला होता.

“सर, मग उद्या काय सांगू?”

“निघालीस तेव्हा रेणू रडत होती?”

“हो. म्हणून मीच फिल्म लावून…”

सरांनी पडद्यावरचं बोट काढलं नाही.

“मग ती अजून असंच धरून उभी असेल.”