पडलास कुठं?

एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. बोलणे थोडे, दरारा फार. त्यांचा एक शिष्य कॉलेजात गणित शिकत असे. कुस्तीही बरी करी. तालमीत सगळे त्याला 'मास्तर' म्हणत.

एके सकाळी तो आला आणि कपडे न उतरवता कट्ट्यावर बसून राहिला.

"काय रे मास्तर, पोट दुखतंय?" वस्तादांनी विचारले.

"वस्ताद, सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी दोन कंपन्यांनी बोलावलंय. दोन्हीकडं पैशापाण्याचं गणित. दुपारपर्यंत एकीला हो म्हणायचंय. चुकलो तर वर्ष वाया."

"सांग सगळं."

शिष्याने सांगितले. पहिली कंपनी मुंबईची, नावाजलेली. तिथे शेअरच्या भावांवर प्रश्न विचारले. त्याने उत्तरे फडाफडा दिली. साहेबांनी पाठ थोपटली. दुसरी पुण्याची, लहान. वादळात बोटी बुडाल्या तर विम्याचे किती पैसे द्यावे लागतील, याचा अंदाज बांधणारी. तिथल्या बाईंनी एकच गणित घातले. त्याने फळ्यावर सोडवले. बाईंनी ते मोडले. त्याने पुन्हा मांडले. त्यांनी पुन्हा मोडले.

"आणि तरी घेतो म्हणाले! कीव आली असेल."

वस्ताद म्हणाले, "लंगोट चढव."

"वस्ताद, मी सल्ला विचारायला आलोय."

"चढव म्हटलं."

शिष्य लंगोट चढवून मातीच्या हौदात उतरला. वस्तादांनी आधी एक नवा, आडव्या अंगाचा गडी समोर घातला. शिष्याने त्याला बघता बघता चीत केले. पोरांनी टाळ्या पिटल्या. शिष्याने हात झटकले.

मग वस्तादांनी दस्तगीरला खूण केली. दस्तगीर अंगाने काडी, डावाने काळ. त्याने सलामी दिली आणि पुढच्या क्षणी शिष्याला अस्मान दाखवले. शिष्य तोंडातली माती थुंकत उठला.

"थांब थांब! पाय कुठनं घातलास? परत एकदा."

परत पडला. हसत उठला. "आता कळलं. परत एकदा."

"मास्तर, माझी कंबर मोडंल, पण तुझी हौस फिटायची न्हाई!" दस्तगीर ओरडला.

ऊन डोक्यावर आले तेव्हा वस्तादांनी हाक मारली. "कंपनीला कळवलंस का?"

शिष्याने जीभ चावली. "विसरलोच."

"पहिल्या गड्याशी परत लढावंसं वाटलं?"

"नाही."

"मला गणित कळत नाही. तू कळतोस," वस्ताद म्हणाले. "जिंकलेली कुस्ती हात झटकून विसरलास. हरलेलीला चिकटलास, तेही हसत. सगळे असे नसतात. पडल्यावर तोंड पाडून बसणारा असतास, तर तुला पाठ थोपटणाऱ्याकडंच धाडलं असतं. तशा माणसाचं भलं त्यातच. आता खरं सांग. बाईंनी मोडलेलं ते गणित नंतर सोडवलंस?"

"रोज सोडवतोय."

"आज?"

"येताना. सायकलवर."

सारी तालीम हसली. वस्ताद हसले नाहीत. "मग माझ्याकडं कशाला आलास? फोन लाव."

शिष्याने मातीच्या हातानेच फोन लावला. "मॅडम, मी येतोय. आणि माझी चूक सापडली. मी प्रत्येक बोट वेगळी धरली होती. वादळ तर सगळ्यांना एकदमच गाठतं. आता तसं मांडलंय."

पलीकडून बाई मोठ्याने हसल्या. "छान. पण सगळ्या बोटी एकाच बंदरातल्या आहेत, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शिष्याने कपाळावर हात मारला. मग त्याचा चेहरा उजळला.

"काय रे," दस्तगीरने हौदातून विचारले, "तिथंबी पडलास?"

"पडलो!" शिष्य आनंदाने ओरडला.

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

काम निवडताना आपण कुठे जिंकलो, हे पाहू नये. पडून हसत कुठे उठलो, ते पाहावे.